पात्रावर हात

हापशी काही येईना.

शिबिराचा सहावा दिवस. मे महिना. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते आणि अनवाणी पायांखालचा डांबरी रस्ता तापायला लागला होता. बावीस मुलींच्या रांगेत मी सगळ्यात पुढे होते. कर्तबगारीनं नाही हं. शिबिर घेणाऱ्या भिक्खुणी आर्याजींनी उंचीप्रमाणे रांग लावली होती आणि सगळ्यात बुटकी मी. हातात भिक्षापात्र, अंगावर काषाय चीवर, डोक्यावर एक केस नाही आणि नजर खाली. नजर चार हात पुढच्या जमिनीवर ठेवायची, इकडेतिकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हे भिक्षाटनाचे नियम. त्यामुळे मोहझरी हे गाव मी जे काही ओळखत होते ते खालूनच. पांढरा पिठूळ रस्ता आला की गिरणी. ऑइलचे काळे डाग आले की गॅरेज. आणि जिथे जमीन ओली, तिथे हापशी. हापशीपाशी उजवीकडे वळलं की पंचशीलनगर, म्हणजे आपल्या लोकांची वस्ती. तिथे दारोदारी बाया चपला काढून, हातात गरम भात-भाजी घेऊन उभ्या असायच्या.

पण ओली जमीन काही येईना. मी आपली चालतेय, चालतेय.

नंतर कळलं की हापशीचा दांडा आदल्या दिवशीच तुटला होता. जमीन खडखडीत वाळली होती आणि मी तिच्यावरून सरळ पुढे निघून गेले होते.

त्या वेळी मी कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर आत्ता मला ओळखणाऱ्या कोणालाच हे खरं वाटायचं नाही. आता मी दहावीत आहे आणि मला गप्प करायला आमच्या कुंभलकर बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागतं. पण तीन वर्षांपूर्वी, नुकतीच सातवी संपलेली मी, उत्पला ढोके, दुकानात मम्मीच्या मागे उभी राहून बोटानं वस्तू दाखवायची. बांगडीवाल्यानं लहान मापाच्या बांगड्या चढवल्या आणि हात सोलला तरी ‘दुखतंय’ म्हणायची नाही. शिबिरालाही अशीच आले. आमच्या घराजवळच्या विहारात महिला मंडळाची बैठक होती, आठवड्यावर आलेल्या श्रामणेरी शिबिराला कोण मुलगी पाठवणार असं विचारलं, आणि मम्मीनं ऐटीत हात वर केला, “माझी उप्पू जाईल!” मला नाही म्हणता आलं नाही. एवढ्यासाठी माझी कमरेपर्यंतची वेणी गेली.

दहा दिवस घर सोडायचं. मुंडण करायचं. पहाटे उठून ध्यान, मग भिक्षाटन, आणि जे काही जेवायचं ते दुपारी बाराच्या आत. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत फक्त पाणी. पाचव्या दिवशी मी आर्याजींच्या फोनवरून घरी फोन लावला आणि इतकी रडले की पप्पा घाबरले. “उद्या दुपारी येतो घ्यायला,” म्हणाले.

आर्याजी बाजूलाच होत्या. रागावल्या नाहीत. “जायचं तर जा उत्पला, इथे कोणी बांधून ठेवत नाही. फक्त जाताना माझ्यासमोर ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग, ‘मी जाते.’”

मला नेमकं तेच जमणार नव्हतं. म्हणून मी मनात ठरवलं होतं की पप्पाच सांगतील. मी आपली गाडीवर जाऊन बसेन. सकाळचं हे एवढं एक भिक्षाटन उरकलं की झालं.

तर मी चालतेय, आणि एकदम माझ्या पुढ्यात रांगोळी आली.

शेणानं सारवलेलं अंगण, त्यावर पांढरी-लाल रांगोळी, थोडं पुढे तुळशीच्या ओट्याचा निळा पाया. पंचशीलनगरात कोणाच्या दारात तुळशीचा ओटा नाही.

मागून शलाका कुजबुजली. शलाका मेश्राम नागपूरची, उंचीनं माझ्याहून बोटभर जास्त म्हणून रांगेत दुसरी. नियमबियम तिच्या लेखी मोठ्या मुलींसाठी होते.

“उप्पू! पाटीलपुऱ्यात घुसवलं तू आम्हाले! फिर न मागे!”

पाटीलपुरा. पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं की त्या गल्लीत आपण जात नाही. का, ते कोणी सांगितलं नव्हतं, पण असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

फिरायचं कसं पण? बावीस मुली आधीच गल्लीत शिरलेल्या. गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर बोलणी थांबलेली मला ऐकू येत होती. आता मागे वळायचं म्हणजे बावीस टकली डोकी एकमेकांवर आपटणार आणि आख्खी गल्ली खो खो हसणार. खरं सांगते, हिंमत वगैरे काही नव्हती. मागे फिरायची लाज पुढे जायच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, इतकंच. शिवाय नियम होता की एकही घर टाळायचं नाही. गरीब असो, श्रीमंत असो, प्रत्येक दारासमोर दहा श्वास उभं राहायचं. काही मागायचं नाही. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुढे जायचं.

मी पहिल्या दारासमोर उभी राहिले. एक श्वास. दोन.

आतून आवाज आला, “कोन हाय वं?”

“पोट्ट्या हायेत. टकल्या! लाइनच लागली हाय!”

हसणं. आठ, नऊ, दहा. पुढचं दार.

“पुढं व्हा, पुढं व्हा.” पुरुषाचा आवाज, खाट करकरली. “तुमचा मोहल्ला तिकडं हाय न. रस्ता चुकल्या काय?”

चुकलोच होतो. पण सांगणार कसं? दहा श्वास मोजले आणि पुढे.

तिसऱ्या घराचं दार आम्ही पोचायच्या आतच लागलं. लागलेल्या दारासमोरही दहा श्वास उभं राहायचं असतं. ते सगळ्यात लांबले.

चौथं घर मोठं होतं. दगडी पायऱ्या, आणि चोरून वर पाहिलं तर पितळी कडीचं दार. पायरीवर चपलांतले दोन म्हातारे पाय आले. बोटांत जाड जोडवी.

“काय पायजे पोरी?”

मी श्वास मोजत राहिले.

“मुकी हाय का?”

“नाही वं काकू,” समोरच्या ओसरीवरून कोणी बाई म्हणाली, “त्या विहारातल्या हायेत. भीक मांगतात.”

पाय आत गेले. परत आले तेव्हा सुपाचा आवाज आला. मग माझ्या पात्राच्या चांगली दोन वीत वर एक मूठ आली. मूठभर तांदूळ. कच्चे.

आणि कच्चं धान्य आम्हाला घ्यायचं नसतं. आम्ही रांधत नाही, साठवत नाही. शिजलेलं, त्या दिवसापुरतं, एवढंच. नको असेल तर बोलायचं नाही, पात्रावर तळहात आडवा ठेवायचा. आर्याजींनी पहिल्या दिवशी करून दाखवलं होतं. वस्तीत तो हात ठेवायची पाळी कधी आलीच नव्हती. तिथे सगळ्यांना माहीत होतं.

मूठ उघडली. मी पात्रावर हात ठेवला.

तांदूळ माझ्या पंजावर पडले, उडाले आणि त्या दारातल्या रांगोळीवर पसरले.

“आता वं माय!” म्हातारीचा आवाज चढला. “घेत नाही? दारात येऊन उभी राहते अन् दिलेलं घेत नाही?”

“मांगतात भीक अन् नखरे पाटलिणीचे!” ओसरीवरची बाई.

“काकू, कायले नादी लागता,” खाटेवरचा पुरुष आता उठून आला असावा, त्याच्या चपला दिसल्या. “ए पोट्टे, घे न मुकाट्यानं. नाहीतर चाल, निघ.”

पात्रावरचा हात काढून घेणं किती सोपं होतं! काढला असता, मूठभर तांदूळ पात्रात पडले असते, कोणी काही बोललं नसतं आणि आम्ही निघून गेलो असतो. शलाका मागून हळूच म्हणत होतीच, “घेऊन टाक न बाई, घेऊन टाक.”

हात तिथेच राहिला. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. हात माझाच होता एवढं नक्की.

मग रांगेच्या शेवटून पावलं आली. आर्याजी. त्या बोलू शकत होत्या.

“आजी, लेकरानं अपमान नाही केला. आम्ही कच्चं घेत नाही, तिचा नियम आहे तो. शिजलेलं असेल तर घेतो. नसेल तर काही बिघडत नाही, आम्ही पुढे जाऊ.”

“शिजलेलं?” म्हातारी थांबली. “आमच्या चुलीवरचं?”

“हो.”

“अन् तुमाले चालते?”

“चालतं.”

मला फक्त जोडवी दिसत होती. एका पायाचं बोट दुसऱ्या पायावर घासत होतं.

“कसं देतात?” तिनं विचारलं.

“चपला काढून. दोन्ही हातांनी,” आर्याजी म्हणाल्या. आवाज अगदी साधा. जणू पत्ता सांगत होत्या.

“चपला काढून!” ओसरीवरची बाई हसली. “काकू काढते आता चपला!”

“तू गप वं,” म्हातारी म्हणाली. मग आर्याजींना, “किती जनी हा?”

“बावीस. आणि मी.”

“बाप्पा!” आणि थोड्या वेळानं, “थांबा मंग.”

दार लागलं. कडी वाजली.

आर्याजी माझ्या कानाशी वाकल्या. “रांगेतली पहिली ठरवते, थांबायचं की पुढे जायचं. तू पाय उचललास तर आम्ही चालू लागू.” आणि त्या परत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

मी! ज्या मुलीला बांगडीचं माप सांगता येत नव्हतं, तिनं ठरवायचं!

मी श्वास मोजायला लागले. दहा झाले. वीस. चाळीस. पाय पोळत होते. उजवा उचलून डाव्यावर ठेवावासा वाटत होता, पण पाय उचलला की मागच्या एकवीस जणी चालू लागणार. म्हणून पाय उचलायचाच नाही. टाचा रोवल्या. टाचांची कातडी जरा जाड असते.

“उप्पू, ती काही येत नाही,” शलाका. “मस्करी करून राहिली ती. पाटलीण कुठं आपल्यासाठी स्वयंपाक करते काय?”

सत्तर. ऐंशी.

ओसऱ्यांवरून आवाज येत होते, “ह्या तं हलतच नाही.” “ऊन लागून पडली एखादी तं पोलीस आपल्याच मागं.” “कोन्या शाळेच्या हायेत?” “अरे, त्या बुटकीचे पाय पाहा, लाल झाले.”

शंभरनंतर माझी मोजणी चुकली. पुन्हा एकपासून सुरू केली. रडू येत होतं, पण नजर खाली असली की एक फायदा असतो, थेंब सरळ जमिनीवर पडतात, गालावर दिसत नाहीत. आर्याजी ध्यानात सांगायच्या की दुखलं तर पळू नका, बघा, कुठे दुखतं ते नीट बघा. पाच दिवस मी डोळे मिटून फक्त मम्मीच्या हातचं जेवण बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर बघितलं. डाव्या पायाच्या करंगळीखाली सगळ्यात जास्त. टाचेला कमी. श्वास आत घेताना जास्त, सोडताना कमी. दुखणं सगळ्या पायभर नव्हतंच. इथे होतं, तिथे नव्हतं. सारखं हलत होतं. मी मात्र हलत नव्हते.

मध्येच समोरच्या घरातून कोणीतरी बादलीभर पाणी रस्त्यावर फेकलं. ते आमच्या पायांपर्यंत आलं. आम्ही उभ्या होतो ती जागा धुवायला फेकलं, की पाय भाजू नयेत म्हणून, मला माहीत नाही. शलाका म्हणते अपमान. मी म्हणते, कोणास ठाऊक, पण गार लागलं.

कडी वाजली.

दगडी पायरीवर पाय आले. तीच जाड जोडवी. अनवाणी.

मी पात्रावरचा हात काढला.

ते पोहे होते. कांद्याचे, हळद जरा जास्त झालेले, वाफाळलेले. डाव दोन्ही हातांनी धरलेला. डाव खाली आला, अगदी पात्राच्या काठाला टेकला. म्हातारी वाकली होती. आता मी इतकी बुटकी की तिला वाकावंच लागलं असणार, हे मान्य. पण रांगेतली शेवटची अश्लेषा साडेपाच फूट होती, आणि तिनं शपथेवर सांगितलं की म्हातारी तिच्यासमोरही वाकली.

आर्याजींनी सगळ्यांचं भलं होवो अशी मंगलमैत्री म्हटली. आत जाताना म्हातारी एकदाच पुटपुटली, “मीठ कमी पडलं असन.”

मी पाय उचलला. पुढे नऊ घरं होती. दोघांनी दिलं, एकीनं पोळ्या आणि एकानं गूळ. सात घरांनी नाही दिलं. सगळ्या दारांसमोर दहा-दहा श्वास झाले.

शिबिराच्या विहारात परतलो तेव्हा अकरा वाजत आले होते. आणि दारातच जाईबाई गजभिये उभ्या.

जाईबाई म्हणजे पंचशीलनगरच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सत्तरीच्या. पांढरंशुभ्र लुगडं, हातात काठी; ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. वस्तीतल्या बायांनी तासभर वाट पाहून सगळी पातेली विहारात आणून ठेवली होती. आम्ही कुठे गेलो होतो ही बातमी आमच्याआधी पोचली होती.

“आर्याजी,” जाईबाईंनी हात जोडले, पण आवाज फाटत होता, “हे काय केलं तुमी? आमच्या लेकी पाटीलपुऱ्यात उभ्या केल्या? कटोरा घेऊन?”

आर्याजी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या पात्रात डोकावलं.

“हे त्याईच्या घरचं? फेका हे! आत्ता फेका! माझी सासू, माझी आजेसासू त्याच गल्लीत भाकर मांगायले जात होत्या. बाबासाहेबांनी सांगतलं, अन् आमच्या लोकाईनं उपाशी राहून ते सोडलं. उपाशी राहून! अन् आज आमच्याच पोरी चीवर घालून त्याच दारात भीक मांगतात?”

मुलींपैकी कोणी रडायला लागलं. म्हणजे याच्यासाठी त्या गल्लीत जायचं नव्हतं. मला कळलं, आणि पायांपेक्षा जास्त पोळलं.

जाईबाई आर्याजींकडे बघत होत्या. आर्याजी खाली बघत होत्या. म्हणजे चूक माझी आणि बोलणी त्यांना.

“आजी, मी चुकले.”

कोण बोललं म्हणून सगळ्या वळल्या. मीसुद्धा जवळजवळ वळलेच.

“आर्याजींनी नाही नेलं. मी पुढे होते. हापशी दिसली नाही, मी सरळ गेले. चूक माझी आहे. पण आजी, मी मागितलं नाही. एक शब्द बोलले नाही.”

“उभं राहनं म्हंजे मांगनंच होते, पोरी.”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांनी कच्चे तांदूळ दिले होते. मी घेतले नाहीत.”

जाईबाईंची काठी टेकली.

“काय केलं?”

“घेतले नाहीत. पात्रावर हात ठेवला.”

“कोन्या घरी?”

“पितळी कडीचं दार. दगडी पायऱ्या.”

“अन् तूनं हात ठेवला?” त्या माझ्या अगदी जवळ आल्या. “कसा? दाखव.”

मी दाखवलं. पात्र छातीशी आणि वर आडवा तळहात.

“अन् त्याईनं काय म्हटलं?”

“खूप बोलले. मी हात काढला नाही. मग आजींनी आत जाऊन पोहे केले, चपला काढून आणून दिले, तेव्हा काढला.”

“परत दाखव.”

मी परत दाखवलं.

जाईबाई विहाराच्या पायरीवर बसल्या. बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या.

“त्या घराच्या मागच्या दारात माझी सासू उभी राहे,” शेवटी त्या म्हणाल्या. आता आवाज फाटत नव्हता. “पदर धरून. वरून टाकत. शिळं टाको, बुरशीचं टाको, पदर हटवता येत नसे. हटवला तं दुसऱ्या दिवशी तेबी नाही. मरेपर्यंत तिनं कोनाले नको म्हटलं नाही. मलेबी नाही. तिले ते येतच नव्हतं.”

जाईबाईंनी विहारातल्या घड्याळाकडे बघितलं.

“चाला, जेवा,” जाईबाई काठी टेकून उठल्या. “बारा वाजतीन.” त्यांनी स्वतः भाकरी घेतली, दोन तुकडे केले आणि माझ्या पात्रात ठेवली. पोह्यांवरच ठेवली. त्यांनी स्वतः ते पोहे खाल्ले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

पोह्यांत मीठ खरंच कमी होतं.

पात्र धुताना मी आर्याजींना विचारलं. आता तोंड उघडलंच होतं तर म्हटलं विचारून घेऊ. “तुम्हाला शेवटून दिसत होतं न, मी चुकले ते? हाक का नाही मारली?”

त्या पात्र पुसत राहिल्या. “मारणार होते. तोंडच उघडेना. सतरा वर्षं झाली चीवर घालून, दर उन्हाळ्यात या गावात येते, पण त्या गल्लीच्या तोंडाशी आले की अजून पावलं भरभर पडतात. तू थांबशील असं वाटलं, तू थांबली नाहीस. मग मीपण चालले.”

“मला वाटलं तुम्ही मला शिकवत होता.”

“छे गं,” आर्याजी हसल्या. “घाबरले होते.”

साडेबाराला पप्पा आले. घामानं शर्ट चिकटलेला, हातात मम्मीनं दिलेला डबा. त्यांनी माझ्या टकल्या डोक्याकडे एकदा बघितलं. “उप्पू... बॅग कुठंय? चल, ऊन वाढायच्या आत निघू.” आणि डबा पुढे केला. “सांभारवडी आहे. गरम आहे अजून.”

सांभारवडी! झाकण लावलेलं असूनही कोथिंबिरीचा आणि तळणीचा वास आला. पाच दिवस ध्यानात मी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

“बारा वाजून गेले, पप्पा.”

“मग?”

“बारानंतर नाही चालत.”

“अगं, पण आता तू घरीच चाललीस न?”

मी आर्याजींसमोर जाऊन उभी राहिले. जायचं असेल तर स्वतःच्या तोंडानं सांग, असं त्या म्हणाल्या होत्या. राहायचं असेल तर कसं सांगायचं ते सांगितलं नव्हतं, म्हणून मला आलं तसं मी सांगितलं. “आर्याजी, मी जात नाही.” मग वळून पप्पांना सांगितलं. ते जास्त अवघड होतं, एकतर ते इतक्या उन्हात आले होते आणि दुसरं म्हणजे डब्याचा वास येतच होता. “मी नाही येत, पप्पा. चार दिवस राहिलेत.”

“काल फोनवर केवढी रडत होतीस!”

“हो. उद्याही रडेन बहुतेक. तुम्ही दहाव्या दिवशी या.”

पप्पा बघतच राहिले. तेवढ्यात जाईबाई मागून गरजल्या, “ओ ढोके! पाहून काय राहिले? पोरगी नोय ते आता, श्रामणेरी होय. वंदना करा अन् निघा.”

पप्पांनी डबा बाजूला ठेवला. चपला काढल्या. माझे पप्पा, ज्यांच्या खांद्यावर बसून मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी बघितली होती, ते माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले; गुडघे कटकन वाजले. कपाळ फरशीला टेकलं. अशा वेळी श्रामणेरीनं परत वाकायचं नसतं. मी वाकले नाही, पण त्यासाठी आख्ख्या गल्लीत लागला नव्हता एवढा जोर लागला.

उठताना त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

“पोळले का गं?”

“हो.”

“लय?”

“लय.”

“तरी थांबते?”

“तरी.”

पप्पांनी डबा उचलला, शलाकाकडे बघितलं, तिलाही चालणार नाही हे लक्षात आल्यावर जाईबाईंच्या हातात दिला आणि गाडीला किक मारली. आत ध्यानाची घंटा झाली. मी जाऊन पहिल्या रांगेत बसले, पाय दुमडले आणि डोळे मिटले.